सरकारच्या जमेचे तीन अंदाज

भिवापूर म्हटलें कीं नागपूरकडील गृहिणीस तेथील लाल मिरची आठवते. परंतु त्याच तालुक्यांतील खरीप पिकांविषयीं सरकारदप्तरीं दरवर्षीं जी आंकडेमोड होते, तिच्याकडे आपलें सहसा लक्ष जात नाहीं. पीक उभें असतां प्रथम नजरअंदाज पैसेवारी काढतात. मग ती सुधारतात. आणि शेवटीं अंतिम पैसेवारी जाहीर होते. प्रमाण उत्पन्न एक रुपया धरिलें, तर यंदा त्यांतले किती पैसे पदरीं पडले, हा तिचा अर्थ. ती ५० पैशांखालीं गेली, म्हणजे जमीनमहसुलांत सूट वगैरे सवलतींचा प्रश्न उपस्थित होतो.

राज्याच्या सर्वसाधारण जमेचा हिशेबहि ह्याच तीन पायऱ्यांनीं चालतो. मार्चांत विधिमंडळापुढें अंदाजपत्रक मांडतात, तो पहिला अंदाज. वस्तु व सेवा कर, पेट्रोलवरील विक्रीकर, दस्तांचें मुद्रांकशुल्क, दारूवरील अबकारी आणि केंद्राच्या करांतील वांटा, हीं जमेचीं मुख्य अंगें. मागील वसूल पाहून व व्यापार किती वाढेल ह्याचा अदमास घेऊन वित्त विभाग हे आंकडे बसवितो. त्याच वर्षाचा सुधारित अंदाज पुढच्या मार्चांत येतो, आणि प्रत्यक्ष जमा त्याच्याहि पुढच्या मार्चांत छापली जाते. वर्तमानपत्रें पहिल्या आंकड्याचा डांगोरा पिटतात. तिसरा येईपर्यंत पहिला कोणाच्या स्मरणांतहि उरत नाहीं.

सन २०२०-२१ चें उदाहरण घ्या. मार्च २०२० मध्यें महाराष्ट्राची महसुली जमा सुमारें ३ लाख ४७ हजार कोटि रुपये धरिली होती. तोंच कोरोनाची सांथ आली, बाजार मिटले. पुढच्या मार्चांत हा आंकडा सुमारें २ लाख ८९ हजार कोटींवर आणिला. आणि प्रत्यक्ष हातीं आले सुमारें २ लाख ६९ हजार कोटि! सांथ आधीं कोणास दिसणार होती, असें कोणी म्हणेल, आणि तें खरेंहि आहे. परंतु सुधारित अंदाज सांथीचें बहुतेक वर्ष भोगून झाल्यावर केलेला; तोहि २० हजार कोटींनीं चढाच ठरला. आम्हांस ही दुसरी तफावत पहिलीपेक्षां अधिक विचार करावयास लावणारी वाटते.

कारण तुटीचा भार कोठें पडतो? पगार, निवृत्तिवेतन व कर्जावरील व्याज सहसा टळत नाहींत. कात्री लागते ती इतर कामांस. मे २०२० मध्यें शासनानें योजनांवरील खर्च ३३ टक्क्यांपुरता बांधून टाकिला, बहुतेक नवीं कामें अडविलीं आणि नोकरभरती थांबविली. नोकरीसाठीं वयाची मर्यादा जवळ आलेला मुलगा ज्यांच्या घरांत असेल, त्यांस ह्या ओळीचा अर्थ सांगावयास नको.

हिवाळी अधिवेशन सामान्यतः डिसेंबरांत नागपुरास भरतें, त्या वेळीं सरकार पुरवणी मागण्या आणतें. त्या खर्चाच्या असतात. जमेचा सुधारित अंदाज मार्चापर्यंत पुढें येत नाहीं. तथापि राज्यांच्या जमाखर्चाचे कच्चे मासिक आंकडे महालेखापरीक्षकांकडून प्रसिद्ध होत असतात. एप्रिलपासून तोंपर्यंत वर्षाच्या अंदाजापैकीं किती जमा आली, हें त्यांवरून घरबसल्या काढतां येतें. त्यास त्रैराशिकापलीकडचें गणित लागत नाहीं.