सर्वांचा आवडता कोण?

शाळेच्या मधल्या सुटीची घंटा झाली म्हणजे मुले वर्गाबाहेर पडतात आणि पाहता पाहता त्यांचे लहानमोठे घोळके तयार होतात. एखाद्या मुलाभोवती दहाजण गोळा होतात. त्याने डबा उघडला की त्याच्या शेजारी बसण्यासाठी चढाओढ लागते. खेळाचे गडी निवडताना त्याचे नाव पहिल्याने पुकारले जाते. त्याच वेळी दुसरा एखादा मुलगा पटांगणाच्या कडेला भिंतीला टेकून उभा असतो. त्याचे नाव सर्वांच्या शेवटी घेतले जाते, किंवा घेतलेच जात नाही. दोघेही एकाच वर्गात बसतात, एकाच फळ्याकडे पाहतात. मग एकाच्या वाट्याला एवढे सवंगडी आणि दुसऱ्याच्या वाट्याला एकटेपणा का यावा? वरवर पाहता हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु भिंतीला टेकून उभ्या असलेल्या त्या मुलाला तो मुळीच क्षुल्लक वाटत नाही. शास्त्रज्ञांनीही तो क्षुल्लक मानलेला नाही.

याकोब मोरेनो हे मनोविकारांवर उपचार करणारे डॉक्टर होते. त्यांचा जन्म १८८९ साली रुमानियातील बुखारेस्ट शहरी झाला. व्हिएन्ना येथे शिक्षण घेऊन १९२५ साली ते अमेरिकेस गेले. न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागातील एका शाळेत त्यांनी मुलांना एक साधाच प्रश्न विचारला : ‘वर्गात तुझ्या शेजारी कोण बसावे असे तुला वाटते?’ मुलांच्या उत्तरांवरून त्यांनी प्रत्येक वर्गाचा एक नकाशा तयार केला. त्यात मुलगा म्हणजे त्रिकोण, मुलगी म्हणजे वर्तुळ आणि पसंती म्हणजे एका आकृतीकडून दुसरीकडे जाणारी रेघ. नकाशा पुरा झाल्यावर मोठे विलक्षण चित्र दिसू लागले. काही आकृत्यांकडे चोहोबाजूंनी रेघा धावत होत्या. ताऱ्याभोवती किरण दिसावेत तशा त्या दिसत. अशा मुलांना ‘तारा’ हेच नाव मिळाले. परंतु काही आकृत्या अशाही होत्या की, त्यांच्याकडे एकही रेघ येत नव्हती. कोणती मुले अधिक आवडती असतील याचा अंदाज शिक्षकांनाही करावयास सांगितले होते. तो पुष्कळदा चुकला! रोज डोळ्यांपुढे बसणाऱ्या मुलांमधील स्नेहाचे हे धागे मोठ्यांच्याही नजरेतून निसटत होते. मोरेनो यांच्या अशा नकाशांची हकीकत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या वृत्तपत्राने ३ एप्रिल १९३३ रोजी छापली, आणि पुढच्याच वर्षी त्यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

पुढे या पद्धतीत सुधारणा झाली. १९८२ साली अमेरिकेतील तीन मानसशास्त्रज्ञांनी मुलांना एकाऐवजी दोन प्रश्न विचारले : वर्गातील कोण सर्वांत अधिक आवडते, आणि कोण सर्वांत कमी आवडते? दोन्ही उत्तरे एकत्र मांडल्यावर असे दिसून आले की, ज्याला कोणी निवडत नाही अशी मुले एकाच प्रकारची नसतात. काही मुले अनेकांना नकोशी वाटतात; ती नावडती होत. काहींचे नाव मात्र आवडत्यांतही येत नाही आणि नावडत्यांतही येत नाही. ती केवळ दुर्लक्षित होत. काही मुले अनेकांना फार आवडतात व अनेकांना मुळीच आवडत नाहीत. सर्वसामान्य मुलांचा गट याहून निराळा. भिंतीपाशी उभा असलेला मुलगा कोणाला नको असेल असे नाही. कदाचित त्याच्याकडे कोणाचे लक्षच गेले नसेल. या दोहोंत मोठे अंतर आहे.

आता खरा प्रश्न असा की, ही आवडनिवड ठरते कशावर? एकदा वर्गात एखाद्याचे नाव वाईट झाले म्हणून तो नावडता राहतो, की त्याच्या वागण्यामुळेच तो नावडता होतो? याचा उलगडा करण्यासाठी १९८३ साली एक प्रयोग करण्यात आला. चौथीतील मुलांचे चार-चारांचे गट पाडण्यात आले. प्रत्येक गटात एक आवडता, एक नावडता, एक दुर्लक्षित व एक सर्वसामान्य मुलगा होता. काही गटांतील मुले एकाच वर्गातील होती, तर काही गटांतील मुलांनी एकमेकांना पूर्वी पाहिलेलेही नव्हते. हे गट आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे खेळण्यासाठी जमत. तिसऱ्या भेटीपर्यंत अनोळखी गटांतही बहुधा तेच चित्र उमटले, जे मुलांच्या आपापल्या वर्गात होते! आवडती मुले खेळाचे नियम सुचवीत व इतरांना साहाय्य करीत. नावडत्या मुलांची धडपड फार, आणि तिचा इतरांना उपद्रवही होई. परंतु दुर्लक्षित मुलांच्या बाबतीत एक नवलाची गोष्ट घडली. वर्गात गप्प राहणारी ही मुले अनोळखी सोबत्यांत अधिक मोकळेपणाने वागू लागली. मुलाच्या वागण्यावर पुष्कळ काही अवलंबून असते, हे या प्रयोगाने दाखविले. पण त्याचबरोबर हेही दाखविले की, ‘हा बोलतच नाही’ असे वर्गाने एकदा ठरवून टाकले म्हणजे बोलावेसे वाटणाऱ्याचेही तोंड बंद होते.

आवडत्या मुलांच्या वागण्यात असे विशेष काय असते? त्याचे एक उत्तर १९८१ साली पुटालाझ व गॉटमन या दोन संशोधकांना सापडले. दोन मुले खेळत असताना तिसऱ्या मुलास तेथे पाठवावयाचे आणि तो त्यांच्यात कसा मिसळतो ते पाहावयाचे, अशी त्यांची रीत होती. फारशी आवडती नसलेली मुले आल्याबरोबर स्वतःविषयी बोलू लागत, आपली मते सांगत, एकामागून एक प्रश्न विचारीत किंवा खेळणाऱ्यांशी वाद घालीत. त्यामुळे खेळाचा ओघ तुटे व खेळणारे त्यांच्याकडे दुर्लक्ष करीत. आवडती मुले आधी खेळ समजून घेत आणि मग जे चालले असेल त्याला धरूनच बोलत. समजा, पटांगणात लगोरीचा डाव रंगला आहे. एकजण धावत येऊन म्हणतो, ‘हा काय खेळ झाला? मी सांगतो कसे खेळायचे ते!’ दुसरा थोडा वेळ पाहत राहतो, दूर गेलेला चेंडू धावत जाऊन आणून देतो आणि डाव संपताच विचारतो, ‘पुढच्या डावात मला घ्याल?’ या दोघांपैकी कोणाला खेळात घेतले जाईल, हे सांगण्यास मानसशास्त्रज्ञाची गरज नाही.

येथे कोणी आक्षेप घेईल की, शाळेत ज्यांचा बोलबाला असतो ती मुले नेहमी अशी समजूतदार कोठे असतात? हा आक्षेप योग्य आहे. जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील दहा माध्यमिक शाळांचा अभ्यास करून १९६१ साली एक ग्रंथ लिहिला. त्या शाळांत मुलांना हुशार विद्यार्थी म्हणून ओळखले जाण्यापेक्षा नामांकित खेळाडू म्हणून ओळखले जावे असे अधिक वाटे. चांगले कपडे, देखणे रूप आणि घरची सुस्थिती यांनाही तेथे मोल होते. मात्र अशा मुलांचे नाव सर्वांच्या तोंडी असते याचा अर्थ ती सर्वांना आवडतात असा होतो काय? १९९८ साली दोन अमेरिकन संशोधकांनी सातवी-आठवीतील मुलांना नेमके हेच विचारले : वर्गात लोकप्रिय कोण समजले जाते, आणि तुम्हांला स्वतःला कोण आवडते? दोन्ही प्रश्नांची उत्तरे एक असतील असे कोणालाही वाटेल. परंतु लोकप्रिय समजली जाणारी अनेक मुले फारशी आवडती नव्हती. सोबत्यांच्या मते ती वरचढपणा करणारी व ऐटबाज होती. जी मनापासून आवडत, ती मात्र दयाळू व विश्वासू म्हणून ओळखली जात. गाजणे वेगळे आणि आवडणे वेगळे. पहिल्यात दबदबा असतो, दुसऱ्यात जिव्हाळा असतो.

या दोहोंपैकी टिकाऊ कोणते? व्हर्जिनिया विद्यापीठातील जोसेफ ॲलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८४ मुलामुलींच्या आयुष्याचा मागोवा त्यांच्या वयाच्या तेराव्या वर्षापासून तेविसाव्या वर्षापर्यंत घेतला. लवकर मोठे झाल्याची ऐट आणणारी, नियम मोडून इतरांवर छाप पाडणारी आणि देखण्या मुलांशीच मैत्री जोडू पाहणारी काही मुले तेराव्या वर्षी पुष्कळ गाजत होती. पण वय वाढले तसा तो बहर ओसरला. तारुण्यात त्यांना मैत्री सांभाळणे इतरांहून अवघड गेले, आणि व्यसने व कायद्याची कटकट यांतही ती अधिक सापडली. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्याच गटाच्या २०१७ सालच्या दुसऱ्या अभ्यासात असे आढळले की, पंधराव्या-सोळाव्या वर्षी ज्यांना जिवाभावाचा मित्र होता, त्यांचे मन पंचविसाव्या वर्षी अधिक स्वस्थ होते. ज्यांच्याभोवती केवळ गर्दी होती, त्यांना हा लाभ झाला नव्हता. शंभर ओळखीच्या सोबत्यांपेक्षा एक जिवलग मित्र आयुष्याला अधिक पुरतो.

तरीही सगळा भार एकट्या मुलावर टाकणे न्यायाचे होणार नाही. २०१२ साली नेदरलँड्समधील काही शाळांत एक सोपा प्रयोग झाला. ज्या मुलांना एकमेकांविषयी फारशी आवड नव्हती, त्यांच्या जागा वर्गात जवळजवळ आणण्यात आल्या. काही आठवड्यांनी पुन्हा विचारले, तेव्हा त्यांचे एकमेकांविषयीचे मत पूर्वीपेक्षा चांगले झाले होते. नावड पुष्कळदा दोषातून नव्हे, तर अपरिचयातून जन्मास येते. जवळ बसले म्हणजे दुसऱ्याचे अक्षर दिसते, त्याचा डबा दिसतो, त्याचे हसू दिसते. आणि दुरून परका वाटणारा मुलगा हळूहळू ओळखीचा होतो.

मोरेनो यांच्या नकाशावर एकटी पडलेली आकृती जोडण्यास फार काही लागत नाही. एक रेघ पुरते. वर्गात तारा होणे थोड्यांच्याच नशिबी असते. पण भिंतीपाशी उभ्या असलेल्या सोबत्याला ‘आमच्यात खेळायला ये’ असे म्हणून ती एक रेघ ओढणे प्रत्येकाच्या हाती आहे. आणि ज्याच्या हातून अशा रेघा ओढल्या जातात, त्याच्याकडेही त्या आपोआप वळू लागतात.