डोकं गरम, गाडी नरम!

मे महिना, दुपारचे दोन आणि मांजरसुंब्याचा घाट. बीडहून अंबाजोगाईला निघालो होतो. टेम्परेचरचा काटा लाल रेघेला टेकला आणि पप्पांच्या १९९७ च्या मारुती ८०० नं बॉनेटखालून वाफ सोडली. पप्पांनी गाडी कडेला घेऊन लगेच बंद केली. मी रेडिएटरकडे धावले तर ओरडले, "झाकण उघडू नको, भाजशील!"

मी मनात ठरवून टाकलं, २०२७ मध्ये पुन्हा पासिंग आहे, त्याआधीच भंगारात घालू या. पप्पा गप्प. याच गाडीवर मी ड्रायव्हिंग शिकले होते.

गाडी टो करून बीडला आणली. गॅरेजवाल्या चाचांनी रेडिएटर उघडला आणि हसले. "बेटा, इंजिनला काही झालं नाही. तुम्ही त्याला बोअरचं पाणी पाजलंय!"

म्हणजे बघा, या बॉनेटखाली असतं तरी काय? तीन सिलिंडर, ७९६ सीसी, ताकद चाळीस घोड्यांच्या आत. डिसेंबर १९८३ मध्ये ही गाडी आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. आमची कार्ब्युरेटरवाली, एमपीएफआय नंतरचं. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. पाना आणि कान एवढ्यावर रिपेअर होते.

आता तिची दुखणी. बोअरच्या जड पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. मग घाटात इंजिन तापतं आणि तशीच दामटली, तर हेड गॅस्केट जातं. सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबेना आणि डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं, की समजायचं. आमचं वाचलं, कारण पप्पांनी वेळेत चावी फिरवली. धुळीनं एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटरचा जेट चोंदतो, गाडी झटके खाते. तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायचा जुगाडही करू नका. इंजिन पुरेसं तापलंच नाही, तर पेट्रोल जास्त पितं.

आणि हो, आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. त्यात आपल्या उसाचंही इथेनॉल असतं, पण जुन्या रबरी नळ्यांना ते सोसेलच असं नाही. चाचांनी आमच्या सगळ्या बदलल्या.

जुनी पेट्रोल गाडी आहे? मग एवढं कराच :
* कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळा.
* रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होतो का, ते उन्हाळ्याआधी बघा.
* ऑइल, प्लग, एअर फिल्टर वेळेवर बदला. टायमिंग बेल्टचं वय विसरू नका.
* पेट्रोलचा वास आला, तर आधी नळ्या तपासा.

पुढच्या रविवारी पुन्हा तोच घाट. या वेळी स्टिअरिंग माझ्या हातात आणि पप्पांची नजर काट्यावर. काटा अर्ध्यावरून हलला नाही. वर पोचल्यावर मीच म्हणाले, "पप्पा, पासिंग करून घेऊ या."

पप्पा म्हणाले, "अगं, मी कधी नको म्हणालो होतो?"