'इथे' पोचण्याआधी

नासरेथच्या मोठ्या चर्चमध्ये खालच्या मजल्यावर एक गुहा आहे. देवदूताने मरियेला निरोप दिला तो याच ठिकाणी, अशी परंपरा. गुहेतल्या वेदीवर लॅटिनमध्ये पाच शब्द कोरले आहेत. 'शब्द देही झाला' हे योहानाच्या शुभवर्तमानातलं प्रसिद्ध विधान. पण त्यात मुळात नसलेला एक शब्द घातलेला आहे : 'हिक', म्हणजे 'इथे'. पवित्र भूमीच्या यात्रेचं मर्म या एका शब्दात आहे. गोष्ट तर लहानपणापासून पाठ असते. माणूस एवढे पैसे खर्चून जातो तो त्या 'इथे'साठी.

अडचण अशी की 'इथे'पाशी मिळणारा वेळ फार थोडा. यरुशलेममधल्या पवित्र कबरीच्या चर्चमध्ये गर्दीच्या दिवसांत तासभर, कधी त्याहून जास्त रांगेत उभं राहावं लागतं. आतल्या खोलीत एका वेळी मोजकीच माणसं मावतात आणि गुडघे टेकून डोळे मिटतात न मिटतात तोच बाहेरून 'चला, चला' सुरू होतं. पंढरपूरच्या दर्शनबारीत उभं राहून क्षणभर पायांवर डोकं ठेवणाऱ्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. त्या क्षणात काय करायचं ते तिथे गेल्यावर सुचत नाही; ते घरून न्यावं लागतं.

वसई, मुंबई, पुणे, गोवा इथून जाणारे गट साधारण नऊ ते बारा दिवसांचे असतात. काही जण जॉर्डन आणि इजिप्तही जोडून घेतात. निघण्याच्या महिना-दोन महिने आधी चर्चच्या हॉलमध्ये बैठक होते. टूरवाला पासपोर्टची मुदत, व्हिसाचे फोटो, बॅगेचं वजन, सिमकार्ड असं सगळं समजावून सांगतो. मागच्या रांगेतून एखादी मावशी विचारते, "जेवणात भात असतो ना?" शेवटची दहा मिनिटं फादरांची. ते प्रार्थना घेतात, 'मनाचीही तयारी करा' असं सांगतात आणि तेवढ्यात चहा येतो. मनाची तयारी म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न चहाबरोबर संपतो. हा लेख त्या दहा मिनिटांविषयी आहे.

चाकू, कात्री आणि दोन पावलं

जेजुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला १५२३ साली यरुशलेमला पोचले. तिथेच राहून उरलेला जन्म काढायचा, असा त्यांचा बेत होता. पण पवित्र स्थळांची राखण करणाऱ्या फ्रान्सिस्कन संन्याशांनी तो मोडून काढला आणि परत जाण्याचा हुकूम दिला. निघण्याआधी इग्नेशियसना जैतुनांच्या डोंगरावर जायचं होतं. येशूच्या स्वर्गारोहणाची खूण म्हणून तिथे दगडावरची पावलं दाखवत असत. वाटाड्या न घेता ते एकटेच निसटले आणि पहारेकऱ्यांना जवळचा छोटा चाकू देऊन आत शिरले. पुढे बेथफगेला गेल्यावर आठवलं, उजवं पाऊल कुठल्या दिशेला होतं आणि डावं कुठल्या, हे नीट पाहायचंच राहिलं! तसेच मागे फिरले. चाकू आधीच देऊन झालेला. या वेळी कात्री दिली.

ही हकिकत त्यांनी स्वतःच पुढे सांगून ठेवली आहे. ऐकताना हसू येतं, पण पावलांची दिशा पाहायला परत फिरणारा हा माणूस यात्रेकरू म्हणून आपल्यापेक्षा पुष्कळ पुढचा होता. त्याच वृत्तीतून त्यांचा 'आध्यात्मिक साधना' हा ग्रंथ घडला. १५४८ साली त्याला पोपची मान्यता मिळाली. ध्यानाला बसताना आधी जागा मनात उभी करायची, असं त्यात सांगितलं आहे. नासरेथहून बेथलेहेमला जाणारा रस्ता केवढा लांब, केवढा रुंद? सपाट की चढउतारांचा? जन्माची गुहा उंच की ठेंगणी? ज्यांना जाता येत नाही त्यांना घरबसल्या ती जागा मिळावी, आणि जे जाणार आहेत त्यांची नजर तयार व्हावी, असा दुहेरी फायदा या पद्धतीत आहे.

याच संघातले इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले. १६१६ साली त्यांचं 'क्रिस्तपुराण' छापून आलं : अकरा हजारांच्या आसपास मराठी ओव्या. स्टीफन्सनी पवित्र भूमी पाहिली नव्हती, त्यांच्या श्रोत्यांनी तर नाहीच. तरीही ओवी ऐकता ऐकता गोव्याच्या साष्टीतल्या माणसापुढे बेथलेहेम उभं राहिलं. म्हणजे मराठीत ही तयारी चारशे वर्षांपूर्वीच सुरू झालेली आहे.

आपल्याला ओव्या रचायच्या नाहीत. रोज रात्री दहा मिनिटं, एक प्रसंग, एवढं पुरे. दिवा मालवून विचारायचं : वेळ कोणती होती? वारा होता का? मी यात कुठे उभा आहे, पुढे की गर्दीच्या मागे? महिनाभर हे केलेला माणूस गेथशेमाने बागेत उतरला की फोन काढण्याआधी झाडांकडे बघतो.

नकाशा शेजारी ठेवून

चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची एक ख्रिस्ती स्त्री पश्चिम युरोपातून या प्रदेशात आली आणि मागे राहिलेल्या मैत्रिणींना तिने सविस्तर लिहून कळवलं. त्या लिखाणाचा काही भाग १८८४ साली इटलीतल्या अरेझ्झो गावी सापडला. तिचा नेम साधा होता. ठिकाणी पोचलं की प्रार्थना, मग बायबलमधला त्या जागेचा उतारा, मग एक स्तोत्र, पुन्हा प्रार्थना. सोळाशे वर्षांत याहून चांगली रीत कुणी काढलेली नाही. मात्र उतारा तिथे पहिल्यांदाच कानावर पडत असेल, तर उन्हात उभं राहून तो डोक्यात शिरत नाही. म्हणून वाचन आधी.

सगळं बायबल वाचून काढायचा संकल्प करू नये. तो सहसा लेवीयच्या आसपास दम टाकतो. एक शुभवर्तमान निवडावं आणि नकाशा शेजारी ठेवून वाचावं. लूकमध्ये चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात तो प्रवासी यरुशलेमहून यरीहोला 'खाली' जात होता. हे 'खाली' आपण शंभरदा वाचून सोडून दिलेलं असतं. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच, तर यरीहो समुद्रसपाटीच्याही अडीचशे मीटर खाली. तीस किलोमीटरही नसलेल्या वाटेवर हजार मीटरचा उतार, खंडाळ्याच्या घाटाच्या जवळपास दुप्पट, आणि दोन्ही बाजूंना उघडेबोडके डोंगर. असल्या वाटेवर लुटलं जाणं म्हणजे काय आणि तिथे कुणासाठी थांबणं म्हणजे काय, हे आधी कळलं असेल तर बसच्या खिडकीतून दिसणारा घाट दाखला सांगू लागतो.

जोडीला स्तोत्रसंहितेतली १२० ते १३४ ही पंधरा आरोहणस्तोत्रं घ्यावीत. यरुशलेमचा डोंगर चढणाऱ्या यात्रेकरूंची ही गाणी, बहुतेक अगदी छोटी. रोज एक, म्हणजे पंधरवड्याचा पाठ.

काही वाचकांना तर नकाशाचीही गरज नाही. १९८६ साली दुष्काळाने गालील सरोवराचं पाणी ओसरलं आणि किनाऱ्यावरच्या दोन मच्छीमार भावांना चिखलात एका होडीचा सांगाडा दिसला. सुमारे आठ मीटर लांबीची, येशूच्या काळातली होडी. ती आता तिथल्या संग्रहालयात आहे. जवळून पाहिली तर तिच्यावर वेगवेगळ्या जातींच्या लाकडांची ठिगळं दिसतात; मिळेल त्या फळीने डागडुजी करत मालकाने ती वर्षानुवर्षं वापरली होती. उत्तन किंवा पाचूबंदरच्या कोळ्याला या होडीसमोर गाइड लागत नाही. रात्रभर जाळं टाकून हात हलवत परत येणं त्याला ठाऊक असतं, आणि तशा सकाळी 'पुन्हा टाक' म्हणणाऱ्याचं ऐकणं किती जड जातं, हेही. आपल्या धंद्यातला, आपल्या शेतातला, घरातला प्रसंग शुभवर्तमानात हुडकून ठेवणं ही वाचनातली सर्वात मोलाची तयारी.

'नक्की इथेच का?'

हा प्रश्न प्रत्येक बसमध्ये तिसऱ्या दिवशी निघतो. पुनरुत्थानानंतर दोन शिष्य ज्या अम्माऊस गावाकडे चालले होते, त्यावर एकाहून अधिक गावांचा दावा आहे. बाप्तिस्म्याची जागा यार्देनच्या पूर्वेलाही दाखवतात आणि पश्चिमेलाही. यरुशलेमला कबरीचं प्राचीन चर्च आहेच, शिवाय तटाबाहेर 'बागेतली कबर' आहे. तिचं नाव एकोणिसाव्या शतकात पुढे आलं आणि अनेक प्रॉटेस्टंट गट तिथे प्रार्थना करतात.

हे आधी माहीत नसेल तर फसवल्यासारखं वाटतं. जाणत्या यात्रेकरूने एवढं समजून असावं की काही जागांमागे भक्कम पुरावा आहे, काहींमागे फक्त लोकांची स्मृती. कफर्णहूमला पेत्राचं मानल्या गेलेल्या ज्या घरावर पुढे अष्टकोनी चर्च उभं राहिलं, त्या घराच्या भिंतींवर आरंभीच्या ख्रिस्ती भाविकांनी खरडलेली अक्षरं सापडली आहेत. दुसरीकडे एखाद्या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्यांच्या गुडघ्यांनी झिजलेली फरशी हाच पुरावा. दोन्हींचा मान वेगवेगळा ठेवता येतो.

दुसरा धक्का गोंगाटाचा. कबरीचं चर्च ३३५ साली अर्पण झालं, १००९ मध्ये पाडलं गेलं, क्रूसेडरांनी ११४९ मध्ये नव्याने उभं केलं. आज त्यात सहा ख्रिस्ती पंथांचे हक्क आहेत. एकीकडे ग्रीक गायन, दुसरीकडे आर्मेनियन धूप, मधूनच फ्रान्सिस्कनांची मिरवणूक. दाराची किल्ली पिढ्यान्‌पिढ्या मुस्लिम घराण्यांकडे. शांत, थंड चर्चची अपेक्षा घेऊन गेलेला माणूस इथे हिरमुसतो. ज्या गावात येशूला सुळावर दिलं तिथे त्या दिवशीही सणाची गर्दी होती आणि बाजार चालू होता, हे ध्यानात ठेवलं तर हाच कोलाहल प्रार्थनेच्या आड येत नाही.

आधीचे हिशेब

मध्ययुगात यरुशलेमला निघणारा माणूस कर्ज फेडून, मृत्युपत्र करून आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची क्षमा मागून निघे, कारण परत येण्याची खात्री नसे. आज परतीचं तिकीट आधीच काढलेलं असतं, म्हणून हा भाग गळून गेला आहे. मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो ते स्पष्ट आहे : वेदीपर्यंत आलास तरी अर्पण तिथेच ठेव, आधी भावाशी समेट कर. जागेच्या वाटणीवरून दहा वर्षं न बोललेला भाऊ दोन आळ्या सोडून राहतो आणि आपण त्याला न भेटता कालवरीवर मेणबत्ती लावायला चाललो आहोत, याचा विचार व्हायला हवा. भाऊ दार उघडेलच असं नाही. जाऊन येणं आपल्या हातात आहे. तीच गोष्ट जोडप्यांची. काना गावी नवराबायको लग्नाच्या शपथा पुन्हा घेतात; त्याआधीच्या महिन्यात एकदा निवांत बोलून घ्यावं, म्हणजे तिथलं बोलणं नुसतं फोटोपुरतं राहत नाही.

एका बसमधली माणसं

गटाने जाण्यात एक तयारी आपोआप होते : सहन करण्याची. खोलीतला जोडीदार घोरतो, कुणी रोज पंधरा मिनिटं उशीर करतो, कुणाचे गुडघे दगडी पायऱ्यांवर साथ देत नाहीत. गट शहाणा असेल तर निघण्याआधी दोन-तीनदा एकत्र येतो, कामं वाटून घेतो. कुणी वाचन करायचं, कुणी गायनाची सुरुवात करायची, आजारी माणसाबरोबर मागे कोण राहणार. मागे राहणाऱ्याचं दर्शन चुकतं असं वाटतं; अम्माऊसच्या वाटेवर मात्र प्रभू यरुशलेमपासून दूर निघालेल्या दोघांबरोबरच चालला होता.

आणखी एक तयारी तिथे राहणाऱ्या माणसांसाठी. संत पेत्राने विश्वासणाऱ्यांना 'जिवंत दगड' म्हटलं; आपण मेलेल्या दगडांचे फोटो काढतो आणि जिवंतांना ओलांडून जातो. बेथलेहेमचा ख्रिस्ती माणूस अरबी बोलतो, प्रार्थनेत देवाला 'अल्ला' म्हणतो, आणि यरुशलेमला जायचं तर त्याच्या वाटेत भिंत आणि तपासणी नाका लागतो. २०२३च्या ऑक्टोबरपासूनच्या युद्धात यात्रेकरू आटले, तेव्हा ऑलिव्हच्या लाकडावर कोरीवकाम करणाऱ्या तिथल्या कुटुंबांचं पोटच आटलं. इस्रायलमध्ये कोकणातून गेलेले बेने इस्रायलही आहेत. क्वचित बाजारात मागून मराठी ऐकू येतं. त्या भूमीवर एकाहून अधिकांचं दुःख आहे. निकाल देण्याची घाई न करता ते ऐकून घ्यायची तयारी हवी.

जाणं जमलंच नाही तर? आपल्या चर्चच्या भिंतीवर चौदा चित्रं आहेत. येशू क्रूस घेऊन गेला असं मानतात ती यरुशलेमची गल्ली न पाहू शकणाऱ्यांसाठीच फ्रान्सिस्कनांनी क्रुसाची वाट गावोगावी नेली. उपवासकाळात आपण ती दर शुक्रवारी चालतो. यरुशलेमला फ्रान्सिस्कनही ती दर शुक्रवारीच चालतात. जाणाऱ्याने निघण्याआधी ती एकदा एकट्याने, सावकाश चालून पाहावी.

आणि यात्रेचा हप्ता भरण्याआधी एक काम करा. मार्काचं शुभवर्तमान सोळा अध्यायांचं आहे. घरच्यांना जवळ बसवून मोठ्याने वाचलं तर दोन तासांच्या आत संपतं.