पट्टे पुसले जातात तेव्हा (लेखांक ९)

गेल्या लेखांकात एकेक इलेक्ट्रॉन सोडूनही पडद्यावर उमटत जाणारे पट्टे पाहिले. तोनोमुरा आणि सहकाऱ्यांच्या १९८९च्या प्रयोगापाशी आपण थांबलो आणि जाता जाता मी म्हटलं होतं, की हे पट्टे फार नाजूक असतात. नाजूक म्हणजे काय, ते आज पाहायचं आहे. पट्टे पुसले जाण्याच्या त्या एका घटनेत क्वांटम भौतिकीतले दोन मोठे विषय, कोहेरन्स आणि एंटँगलमेंट, एकमेकांना भेटतात. बहुतेक पुस्तकं त्यांची ओळख दोन वेगळ्या प्रकरणांत करून देतात, मध्ये शंभर पानं जातात, आणि वाचकाचा घोटाळा तिथेच सुरू होतो.

व्हिएन्ना विद्यापीठात २००४ साली झालेला एक प्रयोग घेऊ. लुसिया हाकरम्युलर, मार्कुस आर्न्ट, अँटोन झायलिंगर आणि सहकाऱ्यांनी सी-सत्तर हा रेणू वापरला होता. कार्बनच्या सत्तर अणूंचा हा लांबट, पोकळ गोळा. भट्टीत त्याची वाफ करायची, ती निर्वात पोकळीतून सोन्याच्या अतिसूक्ष्म जाळ्यांमधून जाऊ द्यायची. जाळ्यांतल्या फटींमधलं अंतर सुमारे एक मायक्रॉन. इलेक्ट्रॉनासारखाच हा धिप्पाड रेणूही एकाच वेळी अनेक वाटांनी जातो आणि पलीकडे दाट-विरळ पट्ट्यांचा नमुना मिळतो. इथवर नवीन काही नव्हतं. याच गटाने साठ कार्बन अणूंच्या रेणूवर असे पट्टे १९९९ मध्येच दाखवले होते.

नवीन होता तो लेसर. जाळ्यांमध्ये शिरण्याआधी रेणूंवर लेसरचा झोत टाकून त्यांना तापवलं गेलं. ताकद कमी होती तोवर पट्टे जसेच्या तसे. ती वाढवत नेली तसे पट्टे फिके पडत गेले, आणि रेणूंचं तापमान ३००० केल्विनच्या आसपास पोचलं तेव्हा दिसेनासे झाले. जाळ्या हलल्या नव्हत्या. रेणू पलीकडे पोचतही होते. पट्टे तेवढे गेले.

कारण असं, की तापलेली कुठलीही वस्तू प्रकाश सोडते, तसा तापलेला रेणूही सोडतो. सुटलेल्या फोटॉनची तरंगलांबी रेणूच्या दोन वाटांमधल्या अंतरापेक्षा बरीच जास्त असेल तर त्याच्यावरून वाट ओळखता येत नाही. तरंगलांबी कमी असेल तर मात्र तो फोटॉन आपल्याबरोबर ‘मी या वाटेवरून निघालो’ ही नोंद घेऊन जातो. रेणू जितका तापलेला, तितके असे नोंद नेणारे फोटॉन अधिक.

ते फोटॉन कोणी पकडले नाहीत, मोजले नाहीत. तरीही पट्टे गेले. ‘माणसाने पाहिलं म्हणून कणाचं वागणं बदललं, म्हणजे मन हेच विश्वाचं मूळ’ अशा चालीचे लेख आणि फॉरवर्ड आपल्याकडे पैशाला पासरी मिळतात. त्यांना हा प्रयोग पुरेसं उत्तर आहे. पाहणाऱ्याची गरज नाही. नोंद बाहेर पडणं पुरेसं आहे.

आता ही नोंद म्हणजे काय, ते कागदावर मांडू. थोडं गणित आहे, पण अर्धा आणि शून्य यांच्या पलीकडे जात नाही.

एक क्युबिट घ्या. त्याच्या शून्य आणि एक या दोन अवस्था सारख्या प्रमाणात, एकाच कलेत (म्हणजे लाटांचे चढउतार जुळवून) मिसळलेल्या आहेत. चार घरांचा एक तक्ता काढा. डावीकडच्या वरच्या घरात शून्य मिळण्याची शक्यता लिहा, अर्धा. उजवीकडच्या खालच्या घरात एक मिळण्याची शक्यता, तीही अर्धा. उरली दोन तिरपी घरं. शून्य आणि एक यांच्यात कलेचं काही नातं टिकून आहे का, हे ती सांगतात. आपल्या क्युबिटच्या बाबतीत त्या दोन्ही घरांत अर्धा येतो. भौतिकीवाले या तक्त्याला डेन्सिटी मॅट्रिक्स म्हणतात, आणि तिरप्या घरांतले हे आकडे म्हणजेच कोहेरन्स.

शेजारी दुसरा तक्ता काढा, साध्या नाणेफेकीचा. छापा अर्धा, काटा अर्धा, तिरपी घरं शून्य. दोन्ही तक्त्यांवर थेट मोजमाप केलं तर निकाल सारखाच: निम्म्या वेळा शून्य, निम्म्या वेळा एक. फरक कळतो तो मोजण्याआधी क्युबिट हॅडमार्ड गेटमधून, म्हणजे शून्य आणि एक यांची पुन्हा सरमिसळ करणाऱ्या क्रियेतून, नेला तर. पहिला क्युबिट दर वेळी शून्यच देतो, कारण दोन वाटांपैकी ‘एक’कडे जाणाऱ्या लाटा एकमेकींना खोडून टाकतात. नाणं पुन्हा निम्मे-निम्मेच राहतं. पडद्यावरचे पट्टे म्हणजे हीच खोडाखोड आणि भर, फक्त जागेत पसरलेली.

आता आपल्या क्युबिटशेजारी दुसरा क्युबिट आणा. तो अगदी साधा, शून्यावर बसलेला, त्यात कोहेरन्स काहीच नाही. दोघांवर सी-नॉट गेट चालवा. नियम एवढाच: पहिला एक असेल तर दुसरा उलटवायचा, शून्य असेल तर तसाच ठेवायचा. म्हणजे दुसऱ्याने पहिल्याची नोंद घेतली. फल म्हणून मिळते ‘दोघे शून्य’ आणि ‘दोघे एक’ यांची एकसंध बेरीज. ही बेल जोडी, एंटँगलमेंटचं, म्हणजे दोघांच्या अवस्था एकमेकांत गुंतण्याचं, सर्वांत शुद्ध रूप. जॉन बेल यांनी १९६४ मध्ये मांडलेली असमानता मोडणारी हीच जोडी; ज्या प्रयोगांसाठी अ‍ॅस्पे, क्लाउझर आणि आपले वरचे झायलिंगर यांना २०२२चं नोबेल मिळालं, ते अशाच जोड्यांवर झाले.

जोडी तयार झाल्यावर एकट्या पहिल्या क्युबिटचा तक्ता पुन्हा काढा. अर्धा, अर्धा आणि तिरप्या घरांत शून्य! शेजारच्या नाणेफेकीच्या तक्त्याहून त्यात तिळमात्र फरक नाही. त्याचा कोहेरन्स गेला. पण दोघांचा मिळून सोळा घरांचा तक्ता काढला तर त्याच्या दोन कोपऱ्यांत ते अर्धे सुखरूप बसलेले दिसतात. कोहेरन्स नष्ट झालेला नाही, एकट्याच्या मालकीतून तो दोघांच्या सामाईक मालकीत गेला आहे.

व्हिएन्नाच्या रेणूचं नेमकं हेच झालं. दुसऱ्या क्युबिटच्या जागी तिथे सुटलेला फोटॉन होता. आपल्या दोन क्युबिटांवर सी-नॉट पुन्हा चालवला तर नोंद पुसली जाते आणि पहिल्याचा कोहेरन्स परत येतो. फोटॉन मात्र प्रयोगाच्या भिंतीत जिरून गेला, त्याने आपली नोंद अगणित अणूंना वाटली. ती सगळी वसूल कोण करणार? या एकतर्फी गळतीला डीकोहेरन्स म्हणतात. डिटर झे यांनी १९७० मध्ये आणि वोय्चेख झुरेक यांनी १९८१-८२ मध्ये या विचाराचा पाया घातला. पॅरिसमध्ये सेर्ज हारोश यांच्या गटाने १९९६ मध्ये ही गळती होत असताना टप्प्याटप्प्याने टिपली. एंटँगलमेंट ही दुर्मीळ, प्रयोगशाळेतच जपावी लागणारी गोष्ट आहे असं सर्रास सांगितलं जातं. खरं तर तिचा सुळसुळाट आहे. प्रत्येक धुळीचा कण हवेच्या रेणूंशी क्षणोक्षणी गुंततो आहे, आणि म्हणूनच तो आपल्याला साधा धुळीचा कण दिसतो. दुर्मीळ आहे ती आपल्याला हवी त्याच दोघांमधली, तिसऱ्याला न फुटलेली गुंतवळ.

हे सगळं जाणकारांना ठाऊक होतं, पण त्याचा काटेकोर हिशेब मांडला जायला बराच उशीर झाला. २०१४ मध्ये बाउमग्राट्झ, क्रॅमर आणि प्लेनियो यांनी कोहेरन्स कसा मोजायचा याची चौकट दिली: कुठल्या क्रिया ‘फुकट’ समजायच्या, म्हणजे कोहेरन्स नसलेल्या अवस्थेत ज्या तो निर्माण करू शकत नाहीत, आणि मापाने कोणत्या अटी पाळायच्या. सगळ्यात सोपं माप म्हणजे तिरप्या घरांतल्या आकड्यांची, चिन्ह सोडून केलेली बेरीज. आपल्या क्युबिटसाठी ती भरते एक, नाण्यासाठी शून्य.

पुढच्याच वर्षी आलेला निबंध मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्याच्या पाच लेखकांपैकी उत्तम सिंह, हिमाद्री शेखर धर आणि मानवेंद्रनाथ बेरा हे तिघे तेव्हाच्या अलाहाबादच्या हरिश्चंद्र संशोधन संस्थेतले; बाकीचे दोघे अलेक्झांडर स्ट्रेल्त्सोव्ह आणि जेरार्दो अदेसो. त्यांनी विचारलं: कोहेरन्स असलेली एक प्रणाली आणि कोहेरन्स नसलेला एक जोडीदार एवढंच भांडवल आहे, आणि फक्त फुकटच्या क्रिया करायची परवानगी आहे, तर एंटँगलमेंट किती मिळेल? सोनाराला बांगड्या मोडायला दिल्या तर साखळीत बांगड्यांहून जास्त सोनं भरत नाही, तसाच हा हिशेब निघाला. मिळणारं एंटँगलमेंट मूळ कोहेरन्सपेक्षा जास्त असू शकत नाही. कोहेरन्स मुळात शून्य असेल तर हाती काहीच लागत नाही, आणि कणभर जरी असेल तरी काही ना काही एंटँगलमेंट मिळतंच. शिवाय योग्य माप निवडलं तर घट शून्यावर आणणारी क्रियाही आहे, आणि ती म्हणजे आपला सी-नॉट, थोडा व्यापक केलेला. सी-नॉट स्वतः कोहेरन्स घडवत नाही, नुसती अवस्थांची अदलाबदल करतो. तेव्हा बेल जोडीतला सगळा चमत्कार पहिल्या क्युबिटने आधीच आणलेला होता.

श्रोडिंगर यांनी १९३५ मध्ये एंटँगलमेंटला क्वांटम सिद्धांताचं खास व्यवच्छेदक लक्षण ठरवलं होतं. या हिशेबानंतर ते लक्षण एक पायरी खाली सरकवावं, असं माझं मत आहे. मूळ धन कोहेरन्स; एंटँगलमेंट हे त्याचं भागीदारीतलं रूप.

एक फरक मात्र विसरून चालणार नाही. कोहेरन्स नेहमी कशाच्या तरी संदर्भात असतो. शून्य-एक या संदर्भात अर्धा-अर्धा मिसळलेला आपला क्युबिट दुसऱ्या संदर्भातून पाहिला तर साध्या, न मिसळलेल्या अवस्थेत दिसतो आणि त्याची तिरपी घरं रिकामी होतात. बेल जोडीचं तसं नाही. दोघांपैकी प्रत्येकाचा संदर्भ हवा तसा फिरवा, सगळी तिरपी घरं रिकामी करणारी निवड सापडत नाही. दोन कणांमध्ये असा, कुठल्याही स्थानिक निवडीने न जाणारा कोहेरन्स उरत असेल तर तिथे क्वांटम सहसंबंध आहेत असं समजायचं. आणि त्यासाठी एंटँगलमेंट असलंच पाहिजे असंही नाही! दोन शहरांतल्या दोघांनी फोनवर ठरवून निम्म्या वेळा दोन्हीकडे ‘शून्य’ अवस्था बनवली आणि निम्म्या वेळा दोन्हीकडे ‘मिसळलेली’, तर त्यात एंटँगलमेंट अजिबात नाही. तरी कुठल्याही एका संदर्भात हे मिश्रण साध्या नाण्यांसारखं होत नाही. या उरलेल्या भागाला डिस्कॉर्ड म्हणतात. ऑलिव्हिए आणि झुरेक यांनी, आणि स्वतंत्रपणे हेंडरसन आणि व्लात्को वेड्रल यांनी, २००१ मध्ये ही कल्पना मांडली. तिच्यावर निबंधांचा पूर आला, पण २०१० मध्ये असं सिद्ध झालं, की जवळजवळ सगळ्याच अवस्थांत थोडा तरी डिस्कॉर्ड असतो. जिकडेतिकडे आढळणाऱ्या गोष्टीला भाव कितपत द्यायचा, याबद्दल मी साशंक आहे.

अशीच सावधगिरी प्रकाशसंश्लेषणाबाबत. हरित गंधक जीवाणूंच्या प्रथिनात ७७ केल्विनला कोहेरन्सची स्पंदनं दिसल्याचं बर्कलीच्या गटाने २००७ मध्ये जाहीर केलं आणि ‘पानं क्वांटम गणित करतात’ अशा बातम्या झळकल्या. पुढे ती स्पंदनं बहुतांशी रेणूंच्या कंपनांची असल्याचं पुढे आलं. त्या बातम्या मात्र अजून फिरताहेत.

जिथे या हिशेबाला रोकडी किंमत आहे ती जागा कुलाब्यात सापडते. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि संरक्षण संशोधन संस्थेची पुण्यातली क्वांटम प्रयोगशाळा यांनी मिळून केलेल्या सहा क्युबिटांच्या प्रोसेसरची चाचणी २०२४ मध्ये पूर्ण झाली. हे क्युबिट म्हणजे अतिवाहक विद्युत्-मंडलं. ती निरपेक्ष शून्याच्या अंशाच्या काही शतांशांइतकी जवळ थंड ठेवावी लागतात. अशा क्युबिटची तब्येत दोन आकड्यांत सांगतात. टी-वन म्हणजे ऊर्जा गळून ‘एक’चा ‘शून्य’ व्हायला लागणारा काळ, आणि टी-टू म्हणजे तिरपी घरं रिकामी व्हायला लागणारा काळ. टी-टू हा टी-वनच्या दुपटीहून कधीच जास्त असू शकत नाही. प्रत्यक्षात तो बहुधा बराच कमी भरतो. जपानमध्ये नाकामुरा आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये पहिला असा क्युबिट चालवला तेव्हा कोहेरन्स काही नॅनोसेकंद टिकला. आज शंभर मायक्रोसेकंदांच्या पुढची मजल अनेक प्रयोगशाळांनी मारली आहे. क्युबिटांमध्ये जे काही एंटँगलमेंट घडवायचं ते या वेळातच, कारण त्यानंतर त्यांचं धन तारांतून, चिपच्या पृष्ठभागावरच्या दोषांतून, भटक्या फोटॉनांतून परक्यांच्या घरी गेलेलं असतं.

ही गळती थांबवता येत नसेल तर एंटँगलमेंटचंच कुंपण घालून कोहेरन्स राखायचा, ही पीटर शोर यांची १९९५ची नऊ क्युबिटांची युक्ती पुढच्या लेखांकात. तोवर वाचकांनी वरचे तक्ते एकदा हाताने काढून पाहावेत. सुरुवात नाणेफेकीच्या तक्त्यापासून करा, शून्यावरचा दुसरा क्युबिट शेजारी ठेवा, सी-नॉट चालवा आणि सोळा घरांच्या कोपऱ्यांत काय येतं ते तपासा.