गुडघ्याची कूर्चा: दुरुस्ती कोणती?
गोंदियात रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून काम करणाऱ्यांचा गुडघा दुखला की सरसकट ‘झीज’ म्हणतात. पण मार लागून कूर्चेचा एखादाच तुकडा निघाला असेल, तर दुरुस्ती होऊ शकते. मायक्रोफ्रॅक्चरमध्ये हाडाला बारीक छिद्रं पाडतात. रक्त गोठून त्यातून नवी कूर्चा तयार होते. खर्च कमी, पण ही कूर्चा मूळच्यापेक्षा कमकुवत. म्हणून साधारण २ चौरस सेंटीमीटरपर्यंतच्या जखमेलाच बरी. मोझॅकप्लास्टीत कमी भाराच्या जागेवरून हाडासकट कूर्चा काढून बसवतात. मोठ्या जखमेसाठी पेशी-रोपण: १९९४ साली स्वीडनच्या डॉक्टरांनी मांडलेली, बहुधा दोन शस्त्रक्रियांची, महागडी पद्धत. सगळीकडून झिजलेल्या म्हाताऱ्या गुडघ्याला यातलं काहीच सहसा उपयोगाचं नाही. आणि कोणतीही निवडली तरी काही आठवडे कुबड्या आहेतच. त्या वर्षीची रोवणी दुसऱ्यावर सोपवावी.