एका सुईत पाच लशी

बाप्तिस्म्याची नोंद करण्यासाठी धर्मग्रामाच्या कार्यालयात येणारे तरुण आईवडील कधी कधी बाळाच्या लसीकरणाचा विषयही आमच्यापाशी काढतात. "फादर, एवढ्याशा जिवाला एकदम पाच लशी सोसतील का?" प्रश्नामागे माया असते, म्हणून त्याचे उत्तरही नीट द्यावे, असे आम्हांस वाटते.

ही लस म्हणजे पेंटाव्हॅलंट. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, 'ब' प्रकारची कावीळ आणि 'हिब' जंतूचे आजार यांपासून ती संरक्षण देते. डिसेंबर २०११ मध्ये केरळ व तामिळनाडूत शासकीय कार्यक्रमात तिचा प्रारंभ झाला व पुढे ती देशभर पोहोचली. त्यापूर्वी त्रिगुणी लस आणि काविळीची लस वेगवेगळ्या सुयांनी टोचली जाई.

हिबचे पूर्ण नाव 'हिमोफिलस इन्फ्लुएन्झा टाइप बी'. नावात इन्फ्लुएन्झा असला तरी तो फ्लूचा जंतू नव्हे. १८९२ मध्ये फ्लूच्या रुग्णांत या जातीचे जंतू आढळले, त्यांनाच दोषी धरले गेले, आणि चूक उमगल्यावरही नाव तसेच राहिले! लहान मुलांना न्यूमोनिया व मेंदूज्वर जडवणाऱ्या या जंतूभोवती शर्करेचे कवच असते. तान्ह्या बाळाच्या शरीराला हे कवच शत्रू म्हणून नीट ओळखता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी कवचाचा अंश एका प्रथिनाला जोडला. त्या प्रथिनाच्या सोबतीने शरीर कवचही ओळखायला शिकते.

लशीतील अन्य घटक म्हणजे घटसर्प व धनुर्वाताचे निष्प्रभ केलेले विष, डांग्या खोकल्याचे मारलेले जंतू आणि यीस्टमध्ये तयार केलेले काविळीच्या विषाणूचे प्रथिन. यांत जिवंत काहीच नसल्याने लशीमुळे ते रोग होऊ शकत नाहीत. शिवाय जन्मल्या क्षणापासून बाळ असंख्य जंतूंना तोंड देत असते. त्या मानाने हे ओझे थोडेच.

ताप मात्र येतो, मांडीही सुजते. हे बहुधा एक-दोन दिवसांत शमते. डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल द्यावे, अंगावरचे दूध चालू ठेवावे. खरी अडचण इथेच येते. बाळ रात्रभर रडते, आजी म्हणते "पुरे आता", आणि पुढचे डोस राहून जातात. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यातील तिन्ही डोस झाल्याशिवाय पुरेसे संरक्षण मिळत नाही. एखादा चुकलाच तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेले डोस किमान चार आठवड्यांच्या अंतराने घेता येतात. पहिल्या डोसानंतर झटके किंवा तीव्र त्रास झाला असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. बाप्तिस्म्याच्या मेजवानीसाठी डोस पुढे ढकलणे मात्र आम्हांला पटत नाही. मेजवानी थांबू शकते.

काही भाविक गर्भपाताशी संबंधित पेशींविषयी विचारतात. पेंटाव्हॅलंटचे घटक मानवी पेशींवर वाढवलेले नसतात. हा प्रश्न नऊ महिन्यांनंतर दिल्या जाणाऱ्या गोवर-रुबेला लशीतील रुबेला घटकाबाबत उद्भवतो. तो विषाणू ज्या पेशींवर वाढवतात, त्यांचे मूळ १९६० च्या दशकातील गर्भपातात आहे. व्हॅटिकनच्या 'पॉन्टिफिकल अकादमी फॉर लाइफ'ने २००५ मध्ये याचा ऊहापोह केला व पर्यायी लशींचा आग्रह धरण्यास सांगितले. २०१७ मध्ये तिने स्पष्ट केले की, वैद्यकीयदृष्ट्या शिफारस केलेल्या लशी पालकांनी निःशंक मनाने द्याव्यात. त्यात गर्भपाताला सहकार्य होत नाही. गरोदरपणी रुबेला झाल्यास पोटातील बाळ दगावू शकते अथवा अंधत्व, बहिरेपण वा हृदयदोष घेऊन जन्मू शकते.