थंडीतील जलयान : विसावलेल्या यंत्राच्या निगेचे पदार्थविज्ञान

अमेरिकेतील मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटा ह्या सरोवरांच्या राज्यांत एकट्या-दुकट्याने चालविण्याच्या छोट्या यांत्रिक जलयानांचा हंगाम जेमतेम चार-पाच महिन्यांचा असतो. वर्षाचा उरलेला काळ हे यान घराच्या आवारात आच्छादनाखाली पडून असते. यंत्र झिजते ते चालण्याने, असा आपला सर्वसाधारण समज आहे. परंतु ह्या यानांच्या दुरुस्तीचे कित्येक अत्यंत खर्चिक प्रसंग ते जागचे हललेही नसताना उद्भवतात. ह्या विसंगतीचे कारण यंत्राच्या रचनेत जितके आहे, तितकेच पाण्याच्या एका सर्वपरिचित गुणधर्मात आहे. तो नीट ध्यानात आला, म्हणजे मालकाच्या हाती पडणाऱ्या लांबलचक सूचनापत्रातील कोणती सूचना अटळ आणि कोणती केवळ सोयीची, हे ठरविता येते.

ह्या वाहनास बोलण्यात सरसकट ‘जेट स्की’ म्हणतात. वस्तुतः ते कावासाकी कंपनीचे व्यापारनाम होय. बसून चालविण्याचे ‘सी-डू’ नावाचे यान कॅनडातील बाँबार्डिए कंपनीने १९६८ साली बाजारात आणले. ते त्या वेळी रुजले नाही व लवकरच मागे घेण्यात आले. उभ्याने चालविण्याचे कावासाकीचे यान १९७३ साली आले आणि त्याचेच नाव पुढे जातिवाचक झाले. ह्या यानांना बाहेर पंखा नसतो. तळाच्या जाळीतून पाणी आत ओढले जाते, नळकांड्यात फिरणाऱ्या पात्यांमुळे त्यास वेग प्राप्त होतो आणि मागील तोटीतून ते झोताच्या रूपाने बाहेर फेकले जाते. दिशा बदलावयाची ती तोटी वळवून. त्यामुळे जुन्या यानांत वेग सोडला की वळण्याची शक्तीही जाते; समोर अडथळा दिसताच घाबरून वेग सोडणारा नवखा चालक नेमका त्या अडथळ्यावरच जाऊन आदळतो, त्याचे हे कारण. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, ह्याच पंपातील थोडे पाणी बारीक नळीने इंजिनाकडे वळवून त्याच्या साहाय्याने इंजिन थंड राखले जाते. सरोवराचे पाणी अशा रीतीने यंत्राच्या अगदी अंतर्भागात हिंडत असते, आणि यान काठावर ओढून घेतले तरी ते सगळेच्या सगळे बाहेर पडत नाही.

पाण्याची घनता ४ अंश सेल्सियसला महत्तम असते. गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. उघड्या भांड्यात ह्या वाढीने काही बिघडत नाही, कारण बर्फाला वर सरकण्यास वाव असतो. इंजिनातील गोष्ट निराळी आहे. तेथे थंडी बाहेरून आत शिरते. अरुंद नळ्या आणि पातळ भिंतींलगतचे पाणी प्रथम गोठते व त्याचे घट्ट बूच बसते. त्यामागे अडकलेले पाणी जसजसे गोठू लागते तसतसा दाब वाढत जातो. हा दाब किती वाढू शकतो? शून्याखाली ५ अंशांवर पाणी द्रवरूपात राहावयाचे तर सुमारे ६०० वातावरणांचा दाब लागतो. शून्याखाली २२ अंशांवर तो दोन हजारांच्या पुढे जातो. ज्या पोकळीची रचना काही थोड्या वातावरणांच्या दाबासाठी केलेली असते, तिचा ह्यापुढे निभाव लागत नाही. भिंत कोठेतरी ताणली जाते आणि ओतीव धातूस तडा जातो. हे सर्व एका रात्रीतही घडू शकते. वाऱ्यामुळे अंगाला बोचणारी जादा थंडी मात्र धातूला लागू नाही. वारा यंत्र लवकर थंड करील, पण हवेच्या तापमानाखाली नेणार नाही.

अलीकडच्या अनेक यानांत इंजिनाभोवती फिरणारा द्रव बाहेरच्या पाण्यापासून वेगळा, बंदिस्त चक्रात ठेवलेला असतो व तो मुळातच न गोठणारा असतो. ‘आपले यान बंदिस्त चक्राचे आहे, तेव्हा काळजीचे कारण नाही’ असे मालक ह्यावरून मानतो आणि तेथेच फसतो. कारण अशा बहुतेक यानांतही धूर वाहून नेणारी नळी सरोवराच्या पाण्यानेच थंड केली जाते. इंजिन सुरक्षित राहते आणि धुराड्याची वाट फुटते.

उपाय दोन : पाणी काढून टाकणे, अथवा त्याचा गोठणबिंदू खाली नेणे. पहिला उपाय श्रेष्ठ. दुसरा त्याला पूरक. प्रथम तळातील बुचे काढून यान मागे कलते ठेवावयाचे, मग नळाच्या स्वच्छ पाण्याने अंतर्भाग धुवावयाचा. येथे क्रम चुकला तर धुणेच घातक ठरते. आधी इंजिन सुरू करून मग पाणी सोडावयाचे, आणि थांबविताना आधी पाणी बंद करून मग इंजिन. धुराचा झोत चालू असतो तोवर तो पाणी बाहेर लोटीत असतो. झोत थांबला आणि पाणी येतच राहिले, तर ते उलट दिशेने सिलिंडरात शिरते. पाण्यावाचून इंजिन चालू राहण्याचा काळ अर्थात काही सेकंदांचाच असला पाहिजे.

ह्यानंतर प्रोपिलीन ग्लायकॉलचा द्रव आत सोडतात. एथिलीन ग्लायकॉलही हे काम करते, परंतु ते विषारी आहे आणि वसंतात ते अखेर सरोवरातच जावयाचे. डब्यावरील आकड्याविषयी पुष्कळांचा गैरसमज असतो. शून्याखाली ५० अंश फॅरनहाइट असे छापलेले असले, तरी तो द्रव त्याच्या पुष्कळ आधी रवाळ लगद्यासारखा होतो. आकडा असतो तो नळी फुटण्यापासूनच्या संरक्षणाचा. लगदा सरकू शकतो म्हणून दाब साचत नाही, इतकाच त्याचा अर्थ. अगोदरचे पाणी न काढता हा द्रव वरून ओतला, तर तो विरल होतो आणि छापील आकड्याला काहीच अर्थ उरत नाही. घाईने केलेल्या कामात हीच चूक सर्वांत अधिक आढळते.

इंधन आणि तेल ह्यांविषयी थोडक्यात सांगता येईल. एथॅनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील ओलावा शोषून घेते व पाण्याचे प्रमाण वाढल्यास एथॅनॉल-पाण्याचा थर तळाशी वेगळा होतो. म्हणून टाकी जवळजवळ भरलेली ठेवून त्यात स्थिरकारक द्रव्य मिसळतात आणि ते मिश्रण पुढच्या नळ्यांत पोहोचेल इतपत इंजिन चालवितात. वापरलेल्या तेलात आम्ले व पाणी साचलेले असते. ते वसंतात नव्हे, तर साठवणीपूर्वीच बदलणे योग्य. आच्छादन हवा खेळती ठेवणारे असावे, आणि उंदरांना धुराड्यात घर करता येऊ नये.

बॅटरीच्या बाबतीत मात्र जरा थांबले पाहिजे, कारण तेथे तोच गोठणबिंदूचा प्रश्न वेगळ्या वेषात येतो. शिसे-आम्ल घट भारित असताना त्यातील द्रावात गंधकाम्लाचे प्रमाण अधिक असते व तो शून्याखाली ५० अंशांपर्यंतही गोठत नाही. घट विसर्जित होऊ लागला की आम्ल शिशाच्या पत्र्यांत बद्ध होते आणि मागे उरते ते बहुतांशी पाणी. पुरता उतरलेला घट शून्याखाली ७-८ अंशांवरच गोठू शकतो. म्हणजे विद्युत्भार हेच बॅटरीचे गोठणरोधक होय. पडून राहिल्याने भार आपोआप उतरत असतो. तेव्हा बॅटरी काढून घरात ठेवणे व अधूनमधून भारित करणे ही सूचना अटळ ह्या वर्गातच मोडते.

पाणी काढून टाकण्याला आणखी एक अंग आहे, आणि त्याचा संबंध मालकाच्या खिशाशी नाही. मूळच्या काळा समुद्र-कास्पियन प्रदेशातील झेब्रा शिंपल्यांचा आढळ महासरोवरांच्या प्रदेशात १९८८ साली सेंट क्लेअर सरोवरात झाला. त्यांचे डिंभ डोळ्यांना दिसत नाहीत इतके सूक्ष्म असतात व यानाच्या तळात राहिलेल्या ओंजळभर पाण्यातून एका सरोवरातून दुसऱ्या सरोवरात जाऊ शकतात. मिनेसोटात ह्याच कारणाने तळाची बुचे काढल्यावाचून यान रस्त्याने नेणे कायद्याने निषिद्ध आहे. गोठण्याच्या भयाने जे पाणी वर्षातून एकदा काढावयाचे, ते येथे प्रत्येक फेरीनंतर काढावे लागते.

कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांसाठी हीच याने भाड्याने चालतात, आणि त्यांचाही एक विश्रांतिकाल असतो : पावसाळा. तेथे गोठण्याचे भय नाही. गोठणरोधकावर केलेला खर्च तेथे वाया जाईल. शत्रू आहे तो मिठाचा थर. सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतील बाष्प शोषून स्वतःच विरघळते; आषाढ-श्रावणात किनाऱ्यावरची हवा बहुतेक काळ ह्या मर्यादेच्या वरच असते. त्यामुळे धुवून न काढलेले मीठ महिनोन् महिने ओले राहते आणि क्लोराइडे अल्युमिनियमवरील संरक्षक पापुद्रा ठिकठिकाणी भेदून खोल खड्डे पाडतात. मिशिगनमध्ये जे धुणे पूर्वतयारीचे, ते मालवणात मुख्य कर्म ठरते. ज्या हातांनी पावसाळ्यापूर्वी घरे शाकारली, होड्या वर ओढून झापांनी झाकल्या, त्यांना ही गोष्ट पटवून द्यावी लागू नये; पण यंत्राची गोरी झिलई बाहेरून शाबूत दिसते, आणि झीज आत चाललेली असते.

थंड प्रदेशातही तडा सहसा थंडीत दिसत नाही. बर्फ असतो तोवर तोच फट बुजवून धरतो. वसंतात बर्फ वितळते, मालक इंजिन सुरू करतो, आणि थंड करणारे पाणी तड्यातून तेलात मिसळू लागते. म्हणून पहिल्या चाचणीनंतर, यान सरोवरात उतरविण्यापूर्वी, तेलाची मोजपट्टी बाहेर काढून पाहतात. तेल दुधाळ, फेसाळ दिसले, तर इंजिन त्याच क्षणी बंद करावयाचे असते.